कोणत्याही दोन व्यक्ती

विशेष विवाह अधिनियम, १९५४ या कायद्याचं चौथं कलम सुरू होतं तेच मुळी मोकळ्या मनानं. कोणत्याही दोन व्यक्तींचा विवाह या कायद्याखाली लावता येईल, असं ते सांगतं. मग अटी येतात. दोघांपैकी कुणाचाही कायदेशीर जोडीदार हयात नसावा, संमती देण्याइतकं दोघांचं मन शाबूत असावं, पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं पूर्ण झालेली असावीत. २०२३च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे समलिंगी विवाहाचा जो वाद दहा दिवस चालला, तो बराचसा याच कलमात अडकला होता. वर ‘दोन व्यक्ती’, खाली ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’. याचिकाकर्ते वरच्या ओळीवर बोट ठेवत होते, सरकार खालच्या.

आपल्याकडे ज्याला सगळे ‘रजिस्टर लग्न’ म्हणतात, ते याच कायद्याखालचं. घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांचा हा आधार. म्हणून समलिंगी जोडपीही तिथेच गेली, हे स्वाभाविक होतं. पण हा कायदा सहजासहजी जन्माला आलेला नाही. रूढीबाहेरचं लग्न कायद्यानं मान्य करायची वेळ आली, तेव्हा तेव्हा सरकारनं परवानगीबरोबर काहीतरी काढूनही घेतलं आहे. हा इतिहास समोर ठेवल्याशिवाय २०२३चा निकाल नीट कळत नाही.

सुरुवात १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्यापासून करावी लागते. त्या कायद्यानं हिंदू विधवेचं पुन्हा लग्न वैध ठरवलं, आणि दुसऱ्याच कलमात पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क काढून घेतला. लग्न कर, पण रिकाम्या हातानं जा. शिवाय कायदा झाला म्हणून समाज बदलला असंही नाही. कायद्याला ३६ वर्षं होऊन गेल्यावर, ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातलाच. कायदा हवाच असतो, पण तो झाला की काम संपत नाही, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

विशेष विवाह अधिनियमाची खरी मुळं मात्र बंगालमध्ये आहेत. ब्राह्मो समाजाचे लोक मूर्तिपूजेशिवाय, होमाशिवाय लग्नं लावत होते. वर्षानुवर्षं संसार चालू होते, मुलं होत होती. केशवचंद्र सेनांच्या गटानं या लग्नांच्या कायदेशीरपणाबद्दल बंगालच्या अ‍ॅडव्होकेट जनरलचं मत विचारलं आणि १८६८ साली उत्तर आलं: ही लग्नं वैध नाहीत. एका कागदानं नांदती घरं कायद्याच्या लेखी घरं उरली नाहीत. मुलांच्या वारशाचं काय, बायकोच्या हक्काचं काय, असे प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहिले. आजच्या समलिंगी जोडप्यांची जागा मला तिथेच दिसते. संसार आहे, साक्षीदार आहेत, दोघांना एकमेकांची जबाबदारी हवी आहे, फक्त कागदावर ते एकमेकांचे कुणी नाहीत.

व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदा सदस्य हेन्री मेन यांनी त्याच वर्षी एक मसुदा आणला. तो विस्तृत होता. ख्रिस्ती नसलेल्या आणि रूढ विधी नको असलेल्या कुणाही देशी माणसाला त्याखाली लग्न करता आलं असतं. प्रांतिक सरकारांनी विरोध केला. यामुळे हिंदू-मुसलमानांचा विवाहविषयक कायदाच ढिला पडेल, ही भीती. मेन गेले, त्यांच्या जागी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन आले. त्यांनी मसुदा आक्रसून फक्त ब्राह्मोंपुरता केला. त्यावर देवेंद्रनाथ ठाकुरांच्या आदि ब्राह्मो समाजानं हरकत घेतली. आम्ही हिंदूच आहोत, आम्हाला वेगळा कायदा कशाला? या ओढाताणीतून १८७२चा तिसरा कायदा निघाला आणि त्यात मार्ग काढला तो असा: या कायद्याखाली लग्न करायचं असेल तर मी ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म पाळत नाही, असं लिहून द्यायचं.

म्हणजे ज्या माणसावर तुमचं प्रेम आहे त्याच्याशी लग्न करायचं असेल, तर आधी आपला धर्म नाकारा. विधवेकडून मालमत्ता घेतली, ब्राह्मोंकडून धर्म घेतला. त्याच कायद्यात १४ दिवसांच्या नोटिशीची तरतूद आली. ती पुढे वाढली, त्याकडे नंतर येतो.

या कायद्याला मुंबईचाही हात लागला आहे. लग्नाचं किमान वय किती असावं म्हणून केशवचंद्रांनी देशभरच्या डॉक्टरांची मतं मागवली होती. त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते. कायद्यात शेवटी मुलासाठी १८ आणि मुलीसाठी १४ वर्षं ठरली. आणि सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, केशवचंद्रांनी स्वतःच्या अजून १४ पूर्ण न झालेल्या मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावून दिलं. ब्राह्मो समाज त्यावरून पुन्हा फुटला.

त्याच काळात आपल्याकडे दुसरी वाट निघाली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी भटजीशिवायची लग्नं लागायला सुरुवात झाली. सत्यशोधकांनी सरकारकडे कायदा मागितला नाही. त्यांनी लग्नं लावली आणि मग जे कोर्टात खेचतील त्यांच्याशी लढले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे ग्रामजोशी आपला दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून कोर्टात गेले, तो वाद प्रसिद्ध आहे. आधी लग्न आणि मग कायदा, हा क्रम या देशात नवा नाही. शिखांची आनंद विवाहाची रीत चालूच होती, कायद्यानं ती १९०९ साली मानली. आर्यसमाजी लग्नांना १९३७ साली मान्यता मिळाली, तीही आधी लागलेल्या लग्नांसकट. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीतली लग्नं कितीतरी वर्षं पुरोहिताशिवाय, मंत्राशिवाय लागत होती. न्यायालयानं ती अवैध ठरवली तरी लोक थांबले नाहीत, आणि १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून पूर्वीच्या लग्नांनाही संरक्षण दिलं.

सगोत्र विवाहाची गोष्ट मराठी घरांना अधिक जवळची. एका गोत्रातली मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी लग्न हे लग्नच नव्हे, अशी पक्की समजूत होती. सगोत्र निघालं म्हणून ठरत आलेली लग्नं मोडत. चाळीसच्या दशकात देशस्थ ब्राह्मणांतल्या अशा एका लग्नाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला आणि न्या. गजेंद्रगडकर ज्या पीठात होते त्या पीठानं ते लग्न वैध ठरवलं. सगोत्र विवाहांना मान्यता देणारा कायदा त्यानंतरचा, १९४६चा. म्हणजे विधिमंडळाची वाट न पाहता न्यायालयानं एक पाऊल टाकल्याचं उदाहरण आपल्याच हायकोर्टात आहे. पुढे त्याची आठवण ठेवावी लागेल.

१८७२च्या कायद्यातली धर्म नाकारायची अट काढावी म्हणून भूपेंद्रनाथ बसूंनी १९११ मध्ये प्रयत्न केला, तो फसला. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये हिंदूंच्या आंतरजातीय लग्नांसाठी विधेयक आणलं, तेही पार पडलं नाही. यश आलं ते मध्य प्रांताचे हरिसिंग गौर यांना. सागरचा हा वकील पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. १९२३च्या त्यांच्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत, धर्म न सोडता लग्न करता येऊ लागलं. पण इथेही बदल्यात काहीतरी द्यावं लागलंच. असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा होणार, त्याला दत्तक घेता येणार नाही, आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या बापाला, मुलगा मेल्यासारखं समजून, दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मोकळीक. कायद्याच्या भाषेत हे थंडपणे लिहिलेलं आहे. वाचताना मला मात्र त्यात घटश्राद्ध दिसतं.

याच कायद्याखालचं मराठी माणसाला सर्वांत ठाऊक असलेलं लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झालं. डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं. राहत्या घरी, नोंदणी अधिकाऱ्यासमोर. त्या वेळी बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये नवा विशेष विवाह अधिनियम आला आणि १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. धर्माचा प्रश्नच त्यानं बाजूला ठेवला. कोण कुठल्या धर्माचा हे न विचारता कोणत्याही दोन व्यक्ती. हे फार मोठं पाऊल होतं आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण १४ दिवसांची नोटीस ३० दिवसांची झाली.

ही नोटीस जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्या नमुन्यात दोघांचं नाव, स्थिती म्हणजे अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, तो पत्ता कायमचा नसेल तर कायमचा पत्ता, आणि तिथे किती काळ राहता, असे रकाने असतात. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकारी ती नोटीस वहीत उतरवतो, वही कुणालाही फुकट पाहता येते, आणि नोटिशीची प्रत कचेरीत ठळक जागी लावतो. कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या अधिकाऱ्याकडे प्रत जाते आणि तोही ती लावतो. म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचं गाव लातूर जिल्ह्यात असेल, तर लातूरच्या कचेरीच्या फळ्यावर तिचं नाव आणि पत्ता महिनाभर लटकणार. तीस दिवसांत कुणालाही हरकत घेता येते. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्याला असलं काहीच लागत नाही. जे आधीच घरच्यांना घाबरून आलेले असतात, नेमका त्यांचाच पत्ता जाहीर होतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये ही जाहिरात जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्र सरकारनं मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवणारी समन्वय समिती नेमली. काढून घ्यायची सवय इतक्या सहजी जात नाही.

नोटिशीचे तीस दिवस पार पडले की बाकीचं सोपं आहे. तीन साक्षीदार. विधी कुठलाही करा, हार घाला किंवा घालू नका, पण अधिकाऱ्यासमोर दोघांना समजेल अशा भाषेत एक वाक्य बोलावं लागतं: मी, अमुक, तुला, तमुक, माझी कायदेशीर पत्नी, किंवा माझा कायदेशीर पती, म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते. सही, शिक्का, दाखला.

आता दुसऱ्या बाजूचा धागा. विधवाविवाहाच्या कायद्यानंतर चारच वर्षांनी, १८६० साली, भारतीय दंड संहिता आली आणि तिच्या ३७७व्या कलमानं समलिंगी संबंध गुन्हा ठरवला. आपल्या परंपरेत काय होतं आणि काय नव्हतं, यावर आजही हिरिरीनं वाद होतात. पण तुरुंगाची भीती घालणारं हे कलम साहेबानं आणलं, यात वाद नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. आक्षेप घेतलेल्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्न होते आणि कर्व्यांच्या बाजूनं उभे होते बॅरिस्टर आंबेडकर. खटला ते हरले. बापानं विधवेशी लग्न करून गावचा बहिष्कार घेतला, मुलानं लोकांच्या मनातल्या प्रश्नाला उत्तर देऊन दंड घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन पानं शेजारी शेजारी लागतात, हे आपण फारसं बोलत नाही.

समलिंगी जोडपीही कायद्याची वाट पाहत बसली नव्हती. १९८७-८८ मध्ये भोपाळच्या पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं. देशभर बातमी झाली आणि दोघींची नोकरी गेली. तीनच वर्षांनी, १९९१ मध्ये, दिल्लीच्या एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या छोट्या गटानं समलिंगी लोकांच्या स्थितीवर अहवाल काढला, आणि त्यातल्या मागण्यांमध्ये विशेष विवाह अधिनियम दुरुस्त करा ही मागणी स्पष्ट होती. त्या वेळी ३७७ अजून जिवंत होतं. तरी त्या माणसांना नेमकं ठाऊक होतं की कोणत्या कायद्याच्या कोणत्या दाराशी जायचं आहे. मुंबईत अशोक राव कवींचं ‘बॉम्बे दोस्त’ १९९०चं, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचं मराठीतून चाललेलं काम २००२ पासूनचं. या सगळ्याच्या पाठबळावर कोर्टातली लांबलचक लढाई झाली. न्या. अजित प्रकाश शहांच्या दिल्ली पीठानं २ जुलै २००९ला ३७७चा फास सोडवला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा आवळला, आणि ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं तो काढला.

गुन्हा गेला, पण नातं आलं नाही. हॉस्पिटलात सही कुणी करायची, पेन्शन कुणाला, भाड्याचं घर कुणाच्या नावावर, हे सगळं तसंच राहिलं. लोकांनी आपापल्या परीनं लग्नं केली. २०१७च्या डिसेंबरात यवतमाळात एका तरुणानं आपल्या परदेशी जोडीदाराशी नातेवाइकांच्या साक्षीनं लग्न केलं. २०२१च्या अखेरीस नागपुरात दोन डॉक्टर मैत्रिणींनी एकमेकींना अंगठ्या घातल्या. केंद्र सरकारनं पुढे ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असं प्रतिज्ञापत्रावर म्हटलं, तेव्हा मला यवतमाळ आठवलं, आणि भोपाळच्या त्या दोन शिपाई.

संसदेतही एक प्रयत्न झाला आणि तो मराठी खासदारानं केला, याची नोंद हवी. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह अधिनियमात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. दोघं पुरुष असतील तर दोघांचं वय २१, दोघी स्त्रिया असतील तर दोघींचं १८, आणि पती-पत्नीच्या जागी जोडीदार. चौथ्या कलमाची अडचण किती थोडक्यात सुटते, हे त्या विधेयकानं दाखवून दिलं. लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं.

मग सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला काही कायदेशीर रूप द्यावं, त्यांना दत्तकाचा हक्क असावा, यावर तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात गेले. सरन्यायाधीशांची अडचण मला समजते. कायदा रद्द केला तर आंतरधर्मीय जोडप्यांचा आधार जाईल. शब्द बदलून वाचला तर वारसा, घटस्फोट, पोटगी अशा कित्येक कलमांची नवी जुळणी न्यायालयाला करावी लागेल. नातेसंबंधांच्या निषिद्ध याद्याही कायद्यात पुरुषाची ३७ आणि स्त्रीची ३७ अशा वेगळ्या आहेत. सॉलिसिटर जनरलनी १६० तरतुदींचा हिशेब मांडला होता.

मला न पटलेला मुद्दा बहुमतातल्या न्या. भट यांच्या निकालपत्रातला आहे. हा कायदा वेगवेगळ्या धर्मांच्या स्त्री-पुरुषांसाठीच होता, म्हणून त्याचा हेतू ताणता येणार नाही, असं ते म्हणतात. पण कुठल्या वर्षीचा हेतू धरायचा? १८७२चा हेतू हिंदूंसाठी नव्हताच. १९२३चा हेतू हिंदू-मुसलमान लग्नासाठी नव्हता. प्रत्येक पिढीनं या कायद्यात अशा माणसांना आत घेतलं आहे, जी आधीच्या पिढीच्या हेतूत बसत नव्हती. हे काम संसदेचं, असं उत्तर येईल, आणि ते बहुतेक वेळा खरं ठरलंही आहे. पण सगोत्र विवाहाच्या वेळी मुंबईच्या न्यायालयानं कायद्याची वाट पाहिली नव्हती. न्या. भट यांनी भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन अशा गोष्टींत भेदभाव होतो हे मान्य केलं होतं. तो दूर कसा करायचा हे मात्र केंद्रानं नेमायच्या समितीवर सोडलं. पुनर्विलोकन याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. तोवर तैवान आणि नेपाळ पुढे गेले होते, आणि दोन आठवड्यांत थायलंडमध्ये कायदा लागू झाला.

केंद्रानं कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली ती समिती नेमली. २०२४ मध्ये काही पत्रकं निघाली. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता यावं आणि एकमेकांना नॉमिनी नेमता यावं, जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मृतदेहाचा हक्क लग्नाच्या हक्काआधी पोचला. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं, कुटुंब उभं करायला लग्न हाच एक मार्ग नाही, असं म्हणून निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली.

मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एक याचिका दाखल झाली आहे. आयकर कायद्याखाली, नातेवाइकाकडून नव्हे अशी ५०,००० रुपयांच्या वरची भेट करपात्र ठरते. ‘नातेवाईक’ कोण, याच्या यादीत पहिलाच शब्द जोडीदार हा आहे. लग्न झालेल्या नवऱ्यानं बायकोला घर घेऊन दिलं तर कर नाही. एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकानं दुसऱ्याला तेच दिलं तर कर आहे. याचिकाकर्त्या जोडप्याची मागणी आहे की त्या व्याख्येत आम्हालाही धरा. कायद्याच्या वैधतेचा प्रश्न असल्यानं न्यायालयानं अ‍ॅटर्नी जनरलना नोटीस काढली आहे.